गिअरची जुनी सायकल



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाला दरसाल कोणीतरी एखादा विषय घेऊन बोलते. मागे पापडाच्या यंत्रावर बोलणे झाले, बचतगटाच्या हिशेबावर झाले, एकदा डॉक्टरीणबाई मधुमेहावर बोलून गेल्या. यंदा चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही ती सायकल दुरुस्त केली ना, त्याच्यावरच बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा भाषेचे अलंकार माझ्याकडे मागू नका. हाताने जे केले तेवढे सांगते.

सायकल कशाला लागली ते आधी सांगायला हवे. माझी मुलगी दहावी झाली आणि तिला वर्ध्याला अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला. आमचे घर पवनारच्या बाजूला, कॉलेजपर्यंत अकरा किलोमीटर. त्यातला दीड किलोमीटर पांदण, पुढे डांबरी. गाडीची वेळ आणि कॉलेजची वेळ जुळेना. ऑटोला जायचे यायचे मिळून रोज साठ रुपये, म्हणजे महिन्याचे पंधराशे. घरी बोलणी सुरू झाली. मुलीचे वडील म्हणाले, "आर्ट्सला घाल, परीक्षेपुरती जाईल." सासूबाईंना तर दहावी पुष्कळ वाटत होती. मी त्या रात्री काही बोलले नाही, पण झोपही आली नाही. आमच्या माहेरी शाळा सातवीपर्यंत होती. आठवीचा वर्ग साडेचार किलोमीटरवरच्या गावी. माझा भाऊ सायकलवर गेला. मुलीसाठी सायकल घेण्याचा विचार कोणाच्या मनातही आला नाही, आणि माझ्या तोंडून तेव्हा शब्द निघाला नाही. वर्षाने मी मागे पडले ती पडलेच. भगिनींनो, साडेचार किलोमीटर म्हणजे सायकलची वीस मिनिटे!

नवी सायकल घ्यायला पैसे नव्हते. गिअरच्या बऱ्या सायकलीला दहा-बारा हजार लागतात. साधी काळी सायकल स्वस्त, पण रोज बावीस किलोमीटर, परतताना तोंडावर वारा, आणि पोर अंगाने बारीक. माझ्या भाच्याने बातमी आणली की एका वसतिगृहातली मुले शिक्षण संपवून जाताना सायकली मिळेल त्या भावाला टाकून जातात. तिथे एक हिरवी सायकल अठराशेला मिळाली. तिला म्हणतात हायब्रीड. सासूबाईंनी नाव ऐकले मात्र, म्हणाल्या, "हायब्रीड जवारीची भाकर काई चवीची नसे, आता हायब्रीड सायकल आली का घरात!" १९६४ साली हायब्रीड ज्वारीचे बी आले, त्या पहिल्या दिवसांची भाकर त्यांच्या आईच्या तोंडची आठवण आहे, ती आमच्या घरात अजून जिवंत आहे.

पण नाव खोटे नाही. शर्यतीच्या सायकलीचा टायर बोटाएवढा बारीक, तो डांबरीवर पळतो आणि पांदणीत रुततो. डोंगरी सायकलीचा टायर जाडजूड, तो कुठेही जातो पण डांबरीवर माणसाचा जीव काढतो. हायब्रीड दोहोंच्या मधली: चाक मोठे, टायर मध्यम, हँडल सरळ, आणि बसायला पाठ फार वाकवावी लागत नाही. आमच्या दीड अधिक साडेनऊ किलोमीटरला हीच योग्य होती. (आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला, ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी खुला झाला. मोठा सुंदर रस्ता आहे म्हणतात. त्याच्यावर सायकलीला बंदी आहे.)

जुनी वस्तू घेताना आपण बायका फसत नाही. भांडे वाजवून घेतो, लुगड्याचा पदर उजेडात धरतो. सायकललाही तेच. रंग आणि चकाकी पाहू नये, सांगाडा पाहावा. हँडलखालच्या नळीला जिथे दोन आडव्या नळ्या जोडलेल्या असतात, तिथे खालून बोट फिरवावे. रंगाला सुरकुती किंवा केसाएवढी चीर लागली तर सायकल समोरून आदळलेली आहे. फुकट दिली तरी घेऊ नये. मग मागे उभे राहून एक डोळा मिटून पाहावे, दोन्ही चाके एका रेषेत आहेत की नाहीत. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवावी. हँडलच्या मुळाशी खटखट झाली तर कप ढिले आहेत. पॅडलची दांडी धरून आत-बाहेर हलवावी. तिथे खटखट झाली तर पैसे लागतील, ते भावातून कमी करून घ्यावेत. शेवटी मुलीला दांडी दोन पायांत घेऊन उभे करावे, दांडी आणि अंग यांत दोनतीन बोटे अंतर राहिले पाहिजे. आमच्या हिरव्या सायकलीचा सांगाडा सरळ होता. बाकी सगळे वाईट होते: चेन गंजलेली, दोन्ही टायर भेगाळलेले, मागचे चाक नागिणीसारखे चालणारे, गिअर बदलता बदलेना. पण बाकीचे सगळे बदलता येते. सांगाडा तेवढा बदलता येत नाही.

वर्ध्याला एक म्हातारे मिस्त्री आहेत. त्यांना मी म्हटले, "काका, दुरुस्ती मी घरी करीन, पण अडले तर विचारायला येईन." ते म्हणाले, "ये बाई, विचारायचे पैसे नाहीत." मुलगी मोबाईलवर चित्रफिती काढून दाखवी, मी ते पाही आणि मिस्त्रीकाकांना विचारून खात्री करून घेई. मोबाईलमध्ये हात काळे झालेले दिसतात, पण नट किती आवळायचा ते दिसत नाही. ते काकांच्या हाताला हात लावूनच कळले.

पहिली गोष्ट चेनची, कारण इथे पैसे वाचतात किंवा बुडतात. चेन ताणत नाही, तिच्या खिळ्या आतून झिजतात आणि ती लांब होते. मोजायला शिवणाचा टेप घेऊ नये, तो स्वतःच ताणतो. मुलीची एक फुटाची पट्टी घ्यावी. नव्या चेनीत एका खिळीच्या मधोमध शून्य धरले तर पुढची चोविसावी खिळी बरोबर बारा इंचांवर येते. ती एक-सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलावी. एक-अष्टमांश पुढे गेली असेल तर मागच्या दातेरी चकत्याही झिजल्या समजाव्यात, मग नुसती नवी चेन टाकली तर ती जुन्या दातांवरून घसरते. आमची मधे कुठेतरी होती, एक-सोळांशाच्या किंचित वर. चेन बदलली, चकत्या वाचल्या. पट्टी नसती तर दुकानदाराने दोन्ही गळ्यात मारल्या असत्या, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा?

टायरची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. आमच्या सायकलीच्या टायरवर ७००×३८ असे लिहिलेले. मी एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "म्हणजे अठ्ठावीसच ना ताई, काळ्या सायकलचाच बसते." आणि अठ्ठावीस गुणिले दीडचा टायर पुढ्यात टाकला. मी चष्मा लावून टायरच्या काठावरचे बारीक आकडे वाचले. आमच्या जुन्या टायरवर ३८-६२२ होते, त्याच्या टायरवर शेवटचा आकडा ६३५. हा शेवटचा आकडा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. तेरा मिलिमीटर मोठा टायर आमच्या रिमवर बसून कसा राहील? हवा भरली की निसटणार. दुकानदार म्हणाला, "पंचवीस वर्षं झाले दुकानाले, आपल्यापाशी कोणी असा हिशोब नाई केला." मी म्हटले, "भाऊ, राग मानू नका, ६२२ असेल तर द्या." शेवटी दुसरीकडे मिळाला. तेव्हा बहिणींनो, सव्वीस, अठ्ठावीस या बोलण्यातल्या नावांवर जाऊ नका. टायर घेताना तो तीन आकडी नंबर जुळवा. एकोणतीस नावाचे टायरही ६२२ चेच असतात, पण ते बहुधा इतके रुंद असतात की सांगाड्याला घासतात.

काटे तर आपल्या भागाची संपत्तीच आहे. बाभळीचा आणि सराट्याचा काटा टायरमध्ये मोडून राहतो, बोटाला लागत नाही, आणि ट्यूब बदलली की दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा जाते. त्याला आपल्या घरचा उपाय आहे. सरकी काढलेल्या कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून हळू फिरवा. जिथे काट्याचे टोक असेल तिथे कापसाचा धागा अडकतो. बोट फिरवले तर रक्त निघते, कापूस फिरवला तर काटा निघतो. हे मिस्त्रीकाकांनी सांगितले नाही, मीच काढले, आणि आता ते दुकानात कापूस ठेवतात.

चाकाचा आउट काढणे हे काम अवघड मानतात. मला ते बाज आवळण्यासारखे वाटले. एकीकडची दोरी जास्त ओढली की बाज तिकडे वाकडी होते, तसेच हे. सायकल उलटी करून चाक फिरवावे. रिम डाव्या ब्रेकच्या रबराला घासते तिथे थांबवावे, तिथली उजवीकडून येणारी तार किल्लीने पाव आटा आवळावी, डावीकडची पाव आटा ढिली करावी. पाव आट्यापेक्षा जास्त एका वेळी नाही. माझी दोन दुपार गेली. तीन तारा तुटलेल्या होत्या, त्या नव्या टाकल्या. सासूबाई उंबरठ्यावर बसून पाहात होत्या. दुसऱ्या दुपारी म्हणाल्या, "आता कमी हलते वं." तोवर त्यांनी सायकलकडे पाहिलेच नव्हते असे त्या आठवडाभर म्हणत होत्या.

हबमधले छर्रे काढताना परातीत काढावेत, नाहीतर अंगणभर शोधत फिरावे लागते. आमच्या सायकलीत मागे एका बाजूला पाव इंची नऊ आणि पुढे एका बाजूला तीन-सोळांश इंची दहा निघाले. काढतानाच मोजून कागदावर लिहून ठेवले. घासलेट आता सहज हाती लागत नाही, म्हणून थोड्या डिझेलमध्ये धुतले, पुसले, ज्यांना खड्डा पडला होता ते नवे आणले आणि ताजे वंगण भरून बसवले. हे काम मला नवे नव्हते. माझे वडील बैलगाडीच्या आसाला वंगण घालीत तेव्हा चाक धरायला मीच असे. एक लक्षात ठेवावे: वंगण हबात, चेनला मात्र पातळ तेल, प्रत्येक कडीला एक थेंब, आणि वरून फडक्याने पुसून कोरडी करावी. चेनला वंगण फासले तर आपल्याकडची धूळ बसून त्याची खरड तयार होते आणि ती चेनच खाते. आणखी एक, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. जोर लावून उघडेना म्हणून आणखी जोर लावाल तर तुम्ही ते आवळतच असाल.

ब्रेकचे फार सांगत नाही. रबर नवे टाकले, गंजलेल्या तारा बदलल्या, झाले.

गिअरचे लोकांना उगीच भय वाटते. आमच्या सायकलीला पुढे तीन चकत्या, २४, ३४ आणि ४२ दात्यांच्या. मागे सात, सर्वांत लहान १४ दात्यांची, मोठी २८ ची. सातवीतला भागाकार करा. ४२ ला १४ ने भागले तर तीन. म्हणजे पॅडल एकदा फिरवले की चाक तीनदा फिरते आणि सायकल साडेसहा मीटर पुढे जाते. २४ ला २८ ने भागा, चाक एक वेढाही पुरा फिरत नाही, सायकल दोन मीटरसुद्धा जात नाही, पण पाय हलका पडतो. वारा समोर असला, चढ आला, पाठीला दप्तर असले, की हा हलका. सपाटीला तो जड. बाकी सगळे यांच्यामधले. माझ्या मुलीने हे एका संध्याकाळी वहीत मांडले आणि म्हणाली, "आई, हे तर आमच्या फिजिक्समध्ये आहे." बसे ना! वर्ध्यातच २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती आणि हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे असा विचार तिथून पुढे गेला. त्यांच्या मनात सूत होते. पण चेनमध्येही गणित कमी नाही.

मागच्या गिअरला दोन बारीक स्क्रू असतात, त्यांवर एच आणि एल ही अक्षरे. एच चेनला लहान चकतीच्या बाहेर पडू देत नाही, एल तिला मोठ्या चकतीवरून आत तारांमध्ये जाऊ देत नाही. यातला एल नीट पाहिल्याशिवाय मुलीला रस्त्यावर सोडू नये, कारण चालत्या सायकलीत चेन तारांत गेली तर चाक जागच्या जागी थांबते. हे स्क्रू गिअर बदलण्यासाठी नाहीत, कुंपणासाठी आहेत. बदलणे नीट व्हावे म्हणून तारेच्या टोकाशी एक गोल बोंडी असते, ती अर्धा अर्धा आटा फिरवून पाहावी.

या सायकली ज्यांनी आखल्या त्यांना आपली काळी माती आणि आपली ओढणी माहीत नसावी. चेनला झाकण नाही. मी सलवारीच्या घोट्याला बांधायच्या रुंद पट्ट्या शिवल्या, आणि ओढणी पाठीमागे गाठ मारून दप्तराखाली घ्यायची असा नियम केला. मडगार्ड बसवले, पण त्याच्या आणि टायरच्या मधे दोन बोटे जागा ठेवली, नाहीतर पावसाळ्यात पांदणीतला चिखल आत दाबून बसतो आणि चाक फिरेनासे होते. तरी जोराच्या पावसात ती दीड किलोमीटर सायकल हातात धरूनच न्यावी लागते. कॅरिअरला चिखल खरडायची एक काडी बांधलेली असते.

हिशेब विचाराल म्हणून लिहून आणला आहे. सायकल १८००, दोन टायर ९००, दोन ट्यूबा ३००, चेन २८०, ब्रेकचे रबर १२०, तारा १००, वंगण, तेल, डिझेल मिळून ११०, छर्रे ४०, स्पोकची किल्ली ६०, तीन स्पोक ३०, मडगार्ड २५०, स्टँड १५०, कॅरिअर ३००, घंटी आणि दिवा १६०. एकूण ४६०० रुपये. ऑटोच्या तीन महिन्यांच्या भाड्यात शंभर रुपये टाकले की झाले. अठराशेची सायकल अठराशेला पडत नाही, हे घेण्याआधीच घरात सांगून ठेवावे, म्हणजे पुढे बोलणी खावी लागत नाहीत.

मुलगी आता बारावीला आहे. पहिले आठ दिवस तिचे वडील मोटरसायकलने तिच्या मागे मागे जात. नवव्या दिवशी गेले नाहीत. एकदा पहाटे मला पंपाचा आवाज आला, उठून पाहिले तर ते चाकात हवा भरत होते. मी पुन्हा जाऊन निजले.

हे सारे करताना सायकलीचा थोडा इतिहासही वाचनात आला. हवेचा टायर डनलॉप यांनी १८८८ साली काढला. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर सायकलीचे दुकान थाटले. पुढे लोखंडी नांगर आणि १९१० ची किर्लोस्करवाडी झाली ती नंतर, सुरुवात सायकलपासून. आणि तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतरच्या दोनतीन वर्षांत साक्षरतेच्या वर्गांबरोबर हजारो खेडुत बायका सायकल शिकल्या. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ या बाईच होत्या. बायकांच्या सायकली पुरेनात म्हणून कित्येकींनी पुरुषांच्या घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते. हे वाचले आणि मी वर्षे मोजली. ज्या काळात तिकडे आया लेकरांना दांडीवर घेऊन पाण्याला जात होत्या, त्याच काळात इकडे माझी सातवी संपत होती.

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. योजना चांगली. पण माझ्या बहिणीच्या गावी, यवतमाळकडे, मी पाहिले: बारावी झालेल्या, लग्न होऊन गेलेल्या मुलींच्या सायकली गोठ्यात उभ्या आहेत, वर कोंबड्या बसतात. सांगाडे धड आहेत. ट्यूब, टायर, चेन आणि दोन दुपार यांच्यापलीकडे त्यांना काही नको. आपल्याही गावात अशा सहा मी मोजल्या आहेत, आणि यंदा आठवीला जाणाऱ्या मुली चौदा.

अध्यक्षाबाईंच्या परवानगीने दोन पाने, पंप, स्पोकची किल्ली आणि पंक्चरचे सामान मी मंडळाच्या कपाटात आणून ठेवले आहे. किल्ली चिटणीसबाईंकडे मिळेल. येत्या रविवारी दुपारी तीनला मी मंडळाच्या ओसरीवर असेन. ज्यांच्या गोठ्यात सायकल आहे त्यांनी ती घेऊन यावी, जुने फडके आणि एक परात आपापली आणावी. कापूस मी आणते.